तिसरा चोर चार बोटं वर

अकोले, ८ ऑक्टोबर २०२५

नेवासकर सर,

मायना मुद्दामच लिहिलेला नाही. सतरा वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही भांडायला, तर 'सादर प्रणाम' कुठल्या तोंडानं लिहू?

तुमचं छापील कार्ड मिळालं. तुमच्या आकाशातल्या शब्दांच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघतेय, जुन्या विद्यार्थ्यांनी चुका तीस नोव्हेंबरपर्यंत कळवाव्यात. माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला देव जाणे. अकरा वर्षं झाली, मी इथं अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. खडू, फळा, हातात वही, सगळी तुमचीच नक्कल आहे, हे कबूल करते आणि मुद्द्यावर येते.

पान एक्केचाळीस, शब्द 'ॲस्टेरिझम'.

तो शब्द तुम्ही आम्हाला नववीत शिकवलात. धड्यात नव्हताच. तुम्हाला धड्यातलं संपवून धड्याबाहेरचं शिकवायची खोड होती. ग्रीकांचा 'ॲस्टर' म्हणजे तारा, त्यावरून ताऱ्यांनी खूण करणं, तारे जुळवून आकृती मांडणं. म्हणालात, या शब्दाची तीन घरं आहेत. एक आभाळात: चार-सात ताऱ्यांचा मेळ, ज्याला लोकांनी नाव दिलं, पण जो शास्त्रज्ञांच्या अठ्ठ्याऐंशी तारकासमूहांच्या यादीत नाही. इंग्रज पंडितांनी आपल्या नक्षत्रांनाही हाच शब्द लावला. दुसरं घर छापखान्यात: त्रिकोणात बसवलेले तीन छोटे तारे, 'इकडे लक्ष द्या' म्हणून मजकुराआधी छापायचे. तिसरं जवाहिऱ्याकडं: काही खडे घुमटासारखे घासले की त्यांच्यात तारा चमकतो, त्यालाही ॲस्टेरिझम.

मग तुम्ही फळ्यावर सात ठिपके काढलेत. "सप्तर्षी. हाही ॲस्टेरिझमच, मोठ्या अस्वलाचा एक तुकडा. इंग्रजाला यात नांगर दिसतो, आपल्याला ऋषी. तुमच्या घरी काय दिसतं?"

मी हात वर केला. "आमच्याकडं आई त्याला खाट म्हणते सर. चार तारे खाट, मागचे तीन चोर. चोर खाटेच्या मागं लागलेत." पोरी फिदीफिदी हसल्या. तुम्ही हसला नाहीत, खिशातून वही काढलीत आणि विचारलंत, "अजून काय म्हणते तुझी आई?" मी सांगितलं, तिसरा चोर चार बोटं वर आला की पहाटेचे चार वाजतात, तेव्हा भाकरी टाकायला उठायचं.

ते वाक्य तुम्ही २००८ साली कोशाच्या पहिल्या आवृत्तीत छापलंत. पण त्याच्या डोक्यावर एक तारा टाकून, आणि पानाच्या तळाला हे लिहून: 'तारांकित मजकूर ऐकीव आहे. लेखकाने पडताळून पाहिला असता खरा आढळला नाही.'

छापील अक्षरात तुम्ही माझ्या आईला खोटं पाडलंत. प्रकाशनाच्या दिवशी नगरला सावेडीच्या त्या सभागृहात मी उभी राहून सगळ्यांसमोर बोलले ते तुम्ही विसरला नसाल. मीही विसरले नाही. "सर, तुमच्या गच्चीवरून माझ्या आईचं आभाळ दिसत नाही," असं म्हणून पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघाले. त्यानंतर तुमच्या दारात पाऊल टाकलं नाही.

आईचं वय आता अडुसष्ट. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. तिला वाचता येत नाही. नवी आवृत्ती आली की पान एक्केचाळीस मी तिला वाचून दाखवणार आहे, आणि त्यावर तो तारा असता कामा नये. माझी दुरुस्ती एवढीच.

जया पालवे


अकोले, २७ ऑक्टोबर २०२५

सर,

तुमचं उत्तर मिळालं. हात थरथरतो म्हणून सुमेधाताईंकडून लिहून घेतलंत, तरी शब्द तुमचेच आहेत हे कुणीही सांगेल. 'तारा रागाने लागत नाही आणि रागाने निघत नाही. पुरावा धाड.' लेकीच्या हातानं लिहितानाही एक शब्द सैल सोडला नाहीत.

सोबत तुमच्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडलीत, त्याबद्दल मात्र आभार. मी ती चार वेळा वाचली. '१२ मे २००६. सायंकाळी साडेसात. खाट आधीच वर. १३ मे, पहाटे चार. खाट वायव्येला बुडत आहे. चोर उगवताना दिसलेच नाहीत. ९ मे २००७. पुन्हा तेच.'

मे, मे आणि मे. का ते सांगायला ज्योतिषी नको. मीही मास्तरीण आहे. मास्तराला रात्र जागायची तर ती मे महिन्यातच, उन्हाळी सुट्टीत. वर्ष बारा महिन्यांचं, आभाळ बारा महिन्यांचं, आणि तुम्ही पडताळा घेतलात तो शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणं. सर, कार्तिकातली गोष्ट वैशाखात शोधली तर ती कशी सापडणार?

दिवाळीला पाथर्डीला घरी गेले होते. आईला तुमची झेरॉक्स वाचून दाखवली. ती हसायलाच लागली. "उन्हाळ्यात खाट कोन बगतं? उन्हाळ्यात खाटंवर झोपायचं." मग नीट बसून तिनं मला सांगितलं, आणि हे मी तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहितेय:

"आभाळ काय भिताडावरचं घड्याळ हाय व्हय? त्ये रोज थोडं थोडं फुडं सरकतंय. कार्तिकात चोर धरायचा. तिसरा चोर चार बोटं वर आला की उठायचं. फुडं चोर लवकर याया लागला की त्येला सोडायचं आन् खाट धरायची. पौषात त्याच टायमाला खाट वरती येऊन पालथी पडती. शिमग्याला मावळतीकडं कलंडती. तीन महिन्यांच्या तीन खुना. तू मास्तरला एकच सांगितली व्हय गं?"

आता घ्या. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, एकच सांगितली. पण ती तरी खरी होती. कार्तिकात आई शेतात जायला लवकर उठायची, म्हणून कार्तिकातली खूण. एवढं साधं होतं ते. तुम्ही एकदा दिवाळीनंतर गच्चीवर गेला असतात तर सतरा वर्षं वाचली असती.

तारा काढताय ना?

जया पालवे


अकोले, ९ नोव्हेंबर २०२५

सर,

दोन प्रश्न विचारलेत तुम्ही. आठ दिवस मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवून दिलं होतं. रोज शाळेतून आल्यावर खण उघडायचा आणि बंद करायचा, असं चाललं होतं.

पहिला प्रश्न. तुमच्या वहीत १७ ऑगस्ट २००५ ची नोंद आहे: 'विचारले, कोणत्या महिन्यातले? जया म्हणाली, बारमाही.' हे बरोबर आहे का?

दुसरा. पाथर्डीच्या कोरडवाहू रानात कार्तिकात पहाटे चारला उठून तुझी आई कोणती शेती करत होती?

तुम्ही अजून तसेच आहात, एका वाक्यात पोराला फळ्यासमोर उभं करणारे.

आई शेती करत नव्हती, सर. म्हणजे आमचं अडीच एकर होतं, पण त्यात पावसाळ्यात बाजरी व्हायची आणि बस. दिवाळी झाली की आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊस तोडायला जायचे. पाच-सहा महिने. कधी राहात्याकडं, कधी कोपरगावाकडं, एकदा थेट कर्नाटकात. माझा भाऊ अंगद त्यांच्याबरोबर फडावरच वाढला. मी हुशार निघाले म्हणून मला नगरच्या वसतिगृहात घातलं.

आमच्या वसतिगृहात एक मुलगी होती, तिचे आईवडील ऊसतोडीला जातात हे सगळ्यांना कळलं होतं. तिला पोरी 'कोयता' म्हणायच्या. जेवायच्या रांगेत, अंघोळीच्या रांगेत, सगळीकडं कोयता. मी ते बघितलं आणि पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. माझी आई शेतकरी. घरची बागायत, विहिरीला पाणी, दारात बैलजोडी. थापा मारण्यात मी कधीच कमी नव्हते.

म्हणून तुम्ही महिना विचारलात तेव्हा मी 'बारमाही' म्हणाले. कार्तिक म्हणाले असते तर तुम्ही पुढचा प्रश्न विचारला असता, जो तुम्ही वीस वर्षांनी विचारलात. मागं पोरी बसल्या होत्या. मला मान्य आहे की तुम्ही विचारलं होतंत, आणि तुमच्याशी खोटं मी बोलले होते.

आईच्या वाक्यावरचा तारा तुम्ही छापलात, पण तो लावला मी. हे मला सतरा वर्षं ठाऊक नव्हतं असं म्हणणार होते. तेही खरं नाही. सभागृहातून बाहेर पडले तेव्हा रिक्षातच मला कळलं होतं. पण राग धरून ठेवणं सोपं होतं, म्हणून तोच धरला.

आई मला भेटायला यायची, हंगामातून एकदा, फडावरूनच. नऊवारी धुतलेली असायची, पण हात उसाच्या पात्यानं कापलेले असायचे. वसतिगृहाच्या कोपऱ्यावर पानाची टपरी होती. आत यायच्या आधी ती तिथं थांबून फडक्यात गुंडाळलेला कोयता टपरीवाल्याकडं ठेवायची. मी खिडकीतून बघायचे. वॉचमन हत्यार आत सोडत नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला कधी विचारलं नाही.

आता पुरावा. तुम्ही म्हणाल, जी एकदा खोटं बोलली तिच्या शब्दावर तारा कसा काढू? काढू नका. मी तीन दिवसांची रजा टाकलीय. अंगदची ऊसतोडीची टोळी यंदा राहात्याजवळच्या फडावर आहे. आईला घेऊन तिथं जातेय. ती गेल्या आठ वर्षांत फडावर गेलेली नाही, गुडघे चालत नाहीत. मी म्हटलं, इथंच गावातून बघू. ती म्हणाली, "हितं उत्तरंला डोंगर आडवा येतोय. आन् जिथली खून तिथंच बगायची." उचलून न्यावी लागली तरी नेणार आहे.

जया


राहात्याजवळ, १९ नोव्हेंबर २०२५

सर, नमस्कार.

वहीचा कागद फाडून लिहितेय, अक्षराला हसू नका. कोपीत बसलेय. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, आत वाकून शिरायचं, वाकूनच बाहेर यायचं. अंगदच्या बायकोनं चहा दिलाय, त्यात साखर भरपूर. फडावर चहात हात आखडत नाहीत.

आधी आकडे, कारण तुम्ही आधी तेच शोधाल.

१७ नोव्हेंबर, पहाटे ३ वाजून ५० मिनिटं. १८ नोव्हेंबर, ३.४६. १९ नोव्हेंबर, ३.४२. तिन्ही दिवस आभाळ स्वच्छ, कार्तिक वद्य असल्यामुळं चंद्राचा त्रास नाही. तिसरा चोर ईशान्येला, क्षितिजापासून चार बोटं वर. रोज चार मिनिटं आधी. चार बोटं आणि चार मिनिटं, दोन्ही मोजून घेतली आहेत.

आता कसं बघितलं ते सांगते. पहिल्या पहाटे आईला खांद्याला धरून बांधावर नेलं, रिकाम्या पोत्यावर बसवलं. फड नुकताच तोडलेला, त्यामुळं समोर सगळं मोकळं. आई उत्तरेकडं तोंड करून बसली आणि म्हणाली, "मला खाट दिसतीया. चोर न्हाई दिसत. डोळ्यात पानी आल्यावानी हुतंय." मी म्हटलं, मला दिसतोय. माझा हात लांब करून बोटं आडवी धरली. आईनं माझ्या हातावर चापटी मारली. "ही मास्तरनीची बोटं. हिच्यावर काय मोजतीस?"

मग तिनं स्वतःचा हात लांब केला, चार बोटं जोडून आडवी. मी तिच्या खांद्याला गाल लावून तिच्या हातावरून बघितलं. खालचं बोट क्षितिजाच्या रेघेला टेकवलं. तिसरा चोर बरोबर वरच्या बोटावर बसला होता. हात तिचा, डोळा माझा. ती म्हणाली, "बसला का?" मी म्हटलं, बसला. ती म्हणाली, "मंग चार वाजलं. तवा ठिव." मी मोबाईल बघितला. तीन पन्नास. तुम्ही दहा मिनिटांचा फरक काढणारच, म्हणून आधीच सांगते, तीन दगडांच्या चुलीवर तवा तापायला दहा मिनिटं लागतात.

तेवढ्यात कोपीत अंगदच्या मोबाईलचा गजर वाजला. आई तिकडं न बघताच म्हणाली, "त्ये काय रोज एकाच टायमाला ओरडतंय. त्येला काय अक्कल."

तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून सांगितलं, आता दोन-चार दिवसांत चोर सोडायचा आणि खाट धरायची. एवढी वर्षं मी वर्गात पोरांना सांगते, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. पुस्तकात वाचून सांगते. माझी आई ते बोटांवर करत होती, आणि मी ते लपवून ठेवलं होतं.

फडातल्या बायका गोळा झाल्या होत्या. एकीनं विचारलं, म्हातारी काय बघतेय? आई म्हणाली, "माझी लेक नगरच्या मास्तरला हिशेब द्याया आलीया. लेकीचा पेपर राहिलाय." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला ते लागलं.

सोबत तिन्ही दिवसांची नोंद, अंगदची सही आणि आईचा अंगठा. यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडं नाही.

जया


अकोले, १ डिसेंबर २०२५

सर, सादर नमस्कार.

मायना परत आलाय, बघितलात का?

तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये उभ्यानं वाचलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन परत वाचलं. 'तू महिना लपवलास. मी सुट्टी लपवली. तळटीपेत मे महिन्याचा उल्लेख मी करायला हवा होता; तो केला असता तर कोणत्याही वाचकाने मला विचारले असते. दोघांनी मिळून एका जाणत्या बाईला खोटे ठरवले. तारा काढला.'

या ओळीसाठी मी आयुष्यभर भांडले असते. आता हातात आलीय तर भांडायला काही उरलं नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. उरलंय.

तुम्ही लिहिता, जुन्या ताऱ्याची भरपाई म्हणून आईच्या वाक्याआधी छापखान्याची ती तीन ताऱ्यांची खूण घालू, 'इकडे लक्ष द्या' म्हणून. ॲस्टेरिझमच्या पानावर ॲस्टेरिझमचीच खूण, तुम्हाला ते फार आवडलेलं दिसतंय. कल्पना सुंदर आहे आणि मला नको आहे. एक तारा काढून तीन चिकटवलेत तर लोक पुन्हा विचारणार, हिच्या डोक्यावर हे काय? आईचं वाक्य साधं छापा. बाकीच्या वाक्यांसारखं, त्यांच्याच टायपात, त्यांच्याच ओळीत. तिला लाडाची जागा नको, तिची स्वतःची जागा हवीय.

दुसरं. 'सांगणार' या रकान्यात पहिल्या आवृत्तीत 'एक शेतकरी महिला, ता. पाथर्डी' असं आहे. ते माझ्या थापेवरून तुम्ही लिहिलंत. आता पूर्ण नाव लिहा: रंगुबाई गोरक्षनाथ पालवे. आणि पुढं लिहा, ऊसतोड कामगार. 'श्रमिक' नको, 'कष्टकरी महिला' नको. सुमेधाताईंनी फोनवर हळूच विचारलं, "जया, शाळेतल्या लोकांनी वाचलं तर चालेल ना तुला?" चालेल. न चालायला आता मी चौदा वर्षांची नाही. आणि मी आज नववीच्या वर्गात ॲस्टेरिझम शिकवताना सांगूनही टाकलं. तीन पोरांनी मान खाली घातली. त्यांचेही आईवडील हंगामाला गेलेत, मला पटावरून माहीत आहे. तास संपल्यावर त्यांतली निकिता माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, आमची आजी त्याला बाजलं म्हणते." मी वही काढली.

तिसरं. आईनं सांगितलेल्या तीन खुणांपैकी एकीचाच पडताळा झाला, बाकीच्या दोन तुम्ही छापू शकत नाही, हे मला पटतं. पण त्यासाठी तुम्ही छपाई थांबवून पौषात स्वतः गच्चीवर जाणार, हे मला अजिबात पटलेलं नाही. एकोणऐंशी वय तुमचं. जिन्याला कठडा आहे का तरी? मी बघते आणि कळवते. तुम्ही खाली, पांघरुणात.

जया


अकोले, १२ जानेवारी २०२६

ती. सर,

ऐकलं नाहीतच. पालथ्या घड्यावर पाणी.

सुमेधाताईंचा फोन आला होता. तीन पहाटे ओळीनं गच्चीवर, कानटोपी घालून, मफलर गुंडाळून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात वही. ताई मागं कंदील घेतल्यासारख्या टॉर्च घेऊन उभ्या, आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडताय, टॉर्च विझव, आभाळ दिसत नाही. वर सर्दी. ताई म्हणाल्या, "बाबा खाली आले ते लहान मुलासारखे हसत. म्हणाले, पालथी आहे गं, चार वाजता बरोबर पालथी आहे."

तुमची नोंदही ताईंनी वाचून दाखवली. '१० जानेवारी २०२६, पौष. पहाटे चार. खाट उत्तरेला उंचावर, पालथी. रंगुबाई म्हणतात तसेच. आता मला बारा महिने सुट्टी आहे. शिमग्याचे तिसऱ्या आवृत्तीत पाहू.'

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारा थंडीत वर गेला व्हय माझ्यापायी? त्येला म्हनावं, सुंठ घाल चहात." निरोप पोचवला. सुंठ मी पार्सल करते आहे, ती मुकाट्यानं घ्यायची.

आणि सर, एक राहिलंय. सभागृहात मी जे बोलले, की तुमच्या गच्चीवरून माझ्या आईचं आभाळ दिसत नाही, ते मी मागं घेते. दिसतं. मी ते झाकून ठेवलं होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुमचा अपमान केला, त्याची माफी एका पत्रात मागून होत नाही हे मला कळतं. तरी मागते.

जया


पाथर्डी, २४ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप सर,
सादर प्रणाम.

पुस्तक मिळालं. वरचा कागद मी फाडला नाही, गावी आईसमोर उघडायचा म्हणून तसाच आणला. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, मिठाई आहे का?

आई अंगणात तूर निवडत बसली होती. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय आता, त्यामुळं हिरवा चष्मा. मी म्हटलं, आई, ऐक. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, जसं काही पुस्तकात कुणी मोठं माणूस बसलंय.

मी आधी शब्द सांगितला. ॲस्टेरिझम. तिनं म्हणून बघितला, जमला नाही, सोडून दिला. मग त्याची तीन घरं सांगितली. खड्यातला तारा तिला पटला नाही. "दगडात कशाला तारा?" छापखान्याचे तीन तारे तिला आवडले, म्हणाली, "मंजी चोर." मी म्हटलं, तसंच काहीसं. आणि मग वाचलं, सावकाश, बोट ठेवून:

'महाराष्ट्रात काही ठिकाणी सप्तर्षींना खाट म्हणतात. चार तारे खाट व मागचे तीन चोर. ऊसतोडीच्या हंगामात यांवरून वेळ ओळखतात. कार्तिकात तिसरा चोर चार बोटं वर आला की पहाटेचे सुमारे चार. पौषात त्याच वेळी खाट वर येऊन पालथी दिसते. पडताळा: नोव्हेंबर २०२५, राहाता तालुका; जानेवारी २०२६, अहिल्यानगर. सांगणार: रंगुबाई गोरक्षनाथ पालवे, ऊसतोड कामगार, ता. पाथर्डी.'

वर तारा नाही, खाली टीप नाही. कागद हातानं चाचपून बघितला तरी मला खात्री होईना, इतकं ते साधं दिसत होतं.

आई म्हणाली, "शेवटचं परत वाच."

मी परत वाचलं. रंगुबाई गोरक्षनाथ पालवे, ऊसतोड कामगार.

"असंच छापलंय? ऊसतोड?"

"असंच. मीच सांगितलं सरांना."

ती माझ्याकडं बघत राहिली. हिरव्या चष्म्यातून तिचे डोळे दिसत नव्हते. वीस वर्षांत हा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता, आणि मी समजत होते की तिला काही ठाऊक नाही. तिनं सूप परत मांडीवर घेतलं, तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला, आणि तूर निवडता निवडताच म्हणाली:

"मंजी आता तुला भेटाया येताना कोयता टपरीवर ठेवाया नगं."

तुमची विद्यार्थिनी,
जया